रिकामी गाडी

बाळंतपणाला बापाला बोलावणं आलंय, ही बातमी नांदेडच्या त्या गल्लीत पसरली तेव्हा लोकांची चार दिवस चांगली करमणूक झाली. बाळंतपणाला आई जाते, मावशी जाते, अगदीच कुणी नसलं तर आत्या जाते. पण बाप? आणि तोही रामकिशन वाघमारे, एसटीचा रिटायर ड्रायव्हर, ज्यानं उभ्या आयुष्यात स्टेअरिंगशिवाय दुसरं काही हातात धरलं नाही? कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं तर विचारलंच, "काय रामकिशनभाऊ, पाळण्याला गिअर किती हायत?"

"पाच हायत. अन रिव्हर्स न्हाई," रामकिशन म्हणाला आणि पान न घेताच पुढं गेला.

लोकांचं हसणं त्याला लागत नव्हतं. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस तो, असल्या थट्टेनं त्याला काय होणार? घोडं अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. त्याची एकुलती एक लेक बुद्धप्रिया सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहत होती. नवरा-बायको दोघं तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिला दिवस गेले होते. आई चांगुणा भूकंपात गेलेली. तिला आईच्या मायेनं वाढवणारी आत्या चतुराबाई गुडघ्यांनी जायबंदी. राहता राहिला बाप. तिनं तीनदा फोन करून बोलावलं आणि बापानं तीनदा नाही म्हटलं. एकदा बीपीचं कारण सांगितलं, एकदा थंडीचं, तिसऱ्यांदा कारणच सुचलं नाही म्हणून फोनची रेंज गेल्याचं नाटक केलं.

"मला बोलावलं असतं तर मी रांगत गेले असते," चतुराबाई खाटेवरून म्हणाली. "तुला धडधाकट पाय दिलेत तर तू इथं बसून राहिलास. लेकरू काय म्हनत आसंल?"

लेकरू काय म्हणत असेल, हाच तर त्याच्या मनातला काटा होता. पण तो आजचा नव्हता.

रामकिशनला आयुष्यभर एक प्रश्न विचारायची सवय होती. कुठल्याही गावाचं नाव निघालं की तो 'किती लांब' असं विचारायचा नाही. विचारायचा, "किती वेळ लागतो?" किलोमीटर गाडीला असतात, माणसाला वेळ असतो, असं त्याचं म्हणणं. लेक दहावीला चांगली पास झाली आणि लातूरला अकरावी-बारावी करते म्हणाली, तेव्हाही त्यानं तेच विचारलं. वास्तविक नांदेड-लातूर रस्त्यावर त्याचीच गाडी धावत होती, वेळ त्याला झोपेतही सांगता आला असता. तरी विचारलं. विचारून लेकीच्या तोंडून ऐकलं की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा.

ते दिवस लातूरच्या भरभराटीचे. भूकंपानं जिल्ह्याचं नाव जगभर झालं होतं, आता शिकवण्यांनी पुन्हा व्हायला लागलं. धर्माबादहून, भोकरहून, पार किनवटच्या जंगलातून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन यायची आणि रामकिशनच्या टपावर त्या पेट्या चढायच्या. चौकाचौकात बोर्डच्या बोर्ड झळकायचे, या क्लासची एवढी पोरं डॉक्टर, त्या क्लासची तेवढी इंजिनियर. सकाळी नांदेडच्या स्टँडवर आया रांगेनं उभ्या राहायच्या आणि डबे त्याच्या केबिनमध्ये ठेवून जायच्या. "ड्रायव्हरसाहेब, आमच्या मुकुलला तेवढं द्या बरं का, धपाटे हायत." लातूरच्या स्टँडवर ती पोरं घोळक्यानं वाट बघत असायची. त्या घोळक्यात त्याची बुद्धप्रियाही असायची. तिचा डबा चतुराबाईनं भरलेला. तो सगळ्यांचे डबे आधी वाटायचा आणि तिचा शेवटी द्यायचा. ती कधी कुरकुरली नाही. तो मात्र डबा देताना तिच्या तोंडाकडे बघायचा नाही.

कारण सगळ्यांचं आधी आणि तिचं शेवटी, हे त्याच्याकडून एकदा झालं होतं.

त्र्याण्णव साली तो लातूर डेपोला होता आणि हिप्पळग्याची मुक्कामी गाडी त्याच्याकडे होती. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन थांबायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच पाठ टेकायचे. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे जमीन हलली, तेव्हा गाव दगडामातीच्या माळवदांखाली गेलं आणि गाडी नुसती झुलून जागेवर उभी राहिली. रामकिशन आणि कंडक्टर मन्मथ वाचले ते गाडीत झोपले म्हणून. मग हाताला सापडतील तेवढी माणसं त्यांनी उपसून काढली, सीटवर, खाली, मधल्या वाटेत झोपवली आणि गाडी हाणली.

वाटेत फाटा लागतो. सरळ गेलं की लातूर. उजवीकडे वळलं की लोणजळगा, रामकिशनचं स्वतःचं गाव. तिथं चांगुणा आणि चार वर्षांची बुद्धप्रिया. फाट्यावर त्यानं गाडी हळू केली. मन्मथ म्हणाला, "रामकिशन, तुझं गाव..." रामकिशननं आरशात बघितलं. आरशात गाडीभर माणसं कण्हत होती. आपल्याकडं काही झालं नसेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि गाडी सरळ घातली.

एवढ्याबद्दल त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही. ते कुणीही केलं असतं, असं तो म्हणायचा. कुणीही केलं नसतं, पण ते असो.

त्याला खात होतं ते पुढचं. लातूरच्या सरकारी दवाखान्यात माणसं उतरवली आणि गाडी रिकामी झाली. त्या क्षणी सुसाट निघायला हवं होतं. त्यानं काय केलं? दवाखान्याच्या नळावरून बादल्या आणल्या आणि गाडी धुतली. एकेक सीट पुसली, मधली वाट पाणी मारून स्वच्छ केली. परतीला घाण गाडी काढायची नाही, हा त्याचा नेम. बकरीनं घाण केली तरी, पोरानं उलटी केली तरी, गाडी धुतल्याशिवाय परतीची फेरी नाही. त्या सकाळी डोकं चालत नव्हतं, हात चालत होते. हातांनी त्यांना येत होतं ते केलं.

लोणजळग्याला पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. इंजिन बंद करायच्या आतच शेजारचा पंढरी मान खाली घालून गाडीकडे चालत आला. ते चालणं बघूनच रामकिशनला कळायचं ते कळलं. चांगुणा भिंतीखाली गेली होती. पोरीला पंढरीनं उकरून काढलं होतं, ती वेशीतल्या लिंबाखाली कुणाच्या तरी धोतरात गुंडाळून बसली होती. "भिंत पडली तवाच गेली ती," पंढरीनं शपथेवर सांगितलं. "तू कवाबी आला आसतास तरी..." रामकिशननं अर्धं मानलं, अर्धं मानलं नाही. चार बादल्या कमी मारल्या असत्या तर, हा हिशेब त्याच्या डोक्यात बसला तो बसलाच. आणि आईजवळ मातीखाली पडून राहिलेल्या पोरीनं आपली किती वाट बघितली असेल, ती आपल्याला काय म्हणत असेल, हे त्यानं तिला कधी विचारलं नाही. ती लहान होती तेव्हा ती लहान आहे म्हणून, मोठी झाली तेव्हा मोठी झाली म्हणून.

त्यानंतर त्यानं नांदेडला बदली मागून घेतली आणि मुक्कामी ड्युटी जन्मात केली नाही. बदल्यात इतरांच्या दिवाळीच्या ड्युट्या केल्या, लग्नसराईच्या केल्या. चौदा एप्रिलला सगळी गल्ली निळे झेंडे घेऊन मिरवणुकीत नाचायची तेव्हा हा गडी कुठल्या तरी घाटात गाडी चालवत असायचा. पण रात्री घरी. लेक सापडेल एवढ्या अंतरावर. मग लेक पुण्याला गेली. किती वेळ लागतो? एक रात्र. मग रविकांतशी लग्न करून अमेरिकेला. किती वेळ लागतो? "एक दिवस, आबा," ती म्हणाली. "फक्त एक दिवस."

आणि वर त्या गावाचा आणखी एक गुण टीव्हीवरून कळला. तिथंही भूकंप होतात म्हणे. "एवढी मोठी अमेरिका पडलीय," तो फोनवर ओरडला, "अन तुला हालनारीच जमीन सापडली का?"

"इथं घरं लाकडाची असतात आबा, पडत नाहीत."

"हाव, आमची दगडाची व्हती. तीबी पडत नसतेत आसं आमी म्हनत व्हतो."

तर असा हा नकार होता. आपण दिवसभर आभाळात लटकलेले, खाली काही झालं तर ना खबर, ना कुठल्या फाट्यावर गाडी वळवायची सोय. त्यापेक्षा न गेलेलं बरं. न जाणाऱ्याला निदान उशीर तरी होत नाही.

चौथा फोन आला तेव्हा बुद्धप्रियानं ये म्हटलंच नाही. इकडचं तिकडचं बोलली, आत्याचे गुडघे विचारले, आणि मग एकदम नांदेडच्या गल्लीतल्यासारखी म्हणाली, "आबा, मला भ्याव वाटून राहिलं." इतकी वर्षं तिकडं राहून ही भाषा तिच्या तोंडी उरली आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "किती वेळ लागतो म्हनालीस?"

जावई रविकांतनं सगळं फोनवर समजावून सांगितलं. हैदराबादचा विमानतळ ते सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ, सरळ रेघ ओढली तर साडेतेरा हजार किलोमीटर. पण सरळ विमान नाही, दुबईत बदलायचं, त्यामुळं अंतर आणखी वाढतं. दुबईपासून पुढं सलग सोळा तास.

"सोळा तास?" रामकिशन म्हणाला. "एकच डायवर?"

"चार असतात मामा. पाळीपाळीनं झोपतात."

"मग ठीक हाय. अन चहाला कुठं थांबते?"

"थांबत नाही, चहा जागेवर देतात. सकाळी निघालात की त्याच दिवशी दुपारी पोचता."

रामकिशननं थोडा विचार केला. "सोळा तास जाऊन दुपारीच? रविकांतराव, महामंडळानं आसं टायमिंग लावलं असतं तर लोकांनी आमाला हार घातले असते." रविकांतनं सूर्य कसा मागं राहतो ते सांगितलं. रामकिशननं हो हो केलं. त्याला पटलं नाही, पण ड्रायव्हरनं टाइमटेबलशी वाद घालायचा नसतो.

प्रसूतीला तीन आठवडे असताना तो निघाला. चतुराबाईनं खाटेवर बसून हुकूम सोडले आणि त्यानं स्वतः डिंकाचे लाडू वळले. पहिले फुटले, दुसरे दगड झाले, तिसरे जमले. हैदराबादला विमानाच्या दारात त्यानं सवयीनं दाराला हात लावून कपाळाला लावला आणि मनात जयभीम म्हटला. तो गाडी सुरू करण्याआधी नेहमी म्हणायचा तसाच. विमानातल्या पोरीनं हसून नमस्ते केलं. तिला वाटलं तिलाच केलं.

दुबईनंतर शेजारच्या सीटवर निजामाबादची कमलम्मा आली. तीही लेकीच्या बाळंतपणाला चाललेली. धर्माबादच्या फेऱ्यांमुळे रामकिशनला मोडकं तेलुगू यायचं, तिला मोडकं हिंदी. दोघांनी एकमेकांचे लाडू चाखले. समोरच्या पडद्यावर एक छोटं विमान बर्फाच्या प्रदेशावरून सरकत होतं. खिडक्या बंद केल्या, दिवे मालवले, सगळी माणसं झोपली. रामकिशन झोपला नाही. दुसरा चालवत असताना त्याला कधीच झोप लागत नसे. पण शरीराचाही काही हक्क असतो. कधीतरी त्याचा डोळा लागला.

आणि विमान हादरलं.

एकदा खाली गेलं, वर आलं, मग सगळं खडखडायला लागलं. डोक्यावरची झाकणं वाजली. कुणाचा तरी ग्लास पडला. रामकिशन पट्टा सोडून उभा राहिला होता आणि अंधारात जीव खाऊन ओरडत होता, "उठा! उठा रे! भाईर पळा! भिंतीपसून लांब व्हा!" त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला खांदा धरून हलवलं, कमलम्माचा दंड धरून तिला उठवायला लागला. विमानातली पोरगी धरत धरत आली, इंग्रजीत काहीतरी विनवू लागली. माणसं जागी होऊन बघत होती, कुणी हसलंसुद्धा.

कमलम्मा हसली नाही. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "कूर्चो अन्ना. बैठो भाई. बाहर नहीं है."

बाहेर नाहीच. रामकिशन मटकन बसला. पोरीनं पट्टा लावून दिला. विमान अजून थरथरत होतं. तो छातीला हात लावून बसून राहिला. त्याच्या लक्षात आलं की हलतंय, पण काही पडत नाहीये. भिंत नाही, माळवद नाही, खाली फाटायला जमीनसुद्धा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी हललं आणि कुणी गेलं नाही. थोड्या वेळानं हलणं थांबलं. त्याला रडू आलं, आणि कमलम्मानं ते न बघितल्यासारखं करून पांघरूण डोक्यावर घेतलं.

सॅन फ्रान्सिस्कोला दुपारची उन्हं होती. सामानाची गाडी ढकलत तो बाहेर आला आणि थबकला. बुद्धप्रिया येणार होती. रविकांत एकटाच उभा होता. सासऱ्याला बघून तो पुढं चालत आला, डोळे लाल, मान खाली. एक माणूस असाच गाडीकडे चालत आला होता.

"मामा," रविकांत म्हणाला, आणि त्याला हुंदका आला, आणि मग तो हसला. "मुलगी झाली. सकाळी. तुम्ही वर होतात तेव्हा. दोघी छान आहेत."

रामकिशन सामानाच्या गाडीवरच बसला. आनंद झाला, नाही असं नाही. पण आधी तोंडातून निघालं ते दुसरंच. "म्हंजी मला पुन्हा उशीरच."

दवाखान्याच्या खोलीबाहेर त्यानं चपला काढल्या. तिथं कुणी काढत नाही, पण त्यानं काढल्या. आत बुद्धप्रिया उशीला टेकून बसली होती, कुशीत कापडात गुंडाळलेलं एवढंसं काहीतरी. चेहरा थकलेला. ती हसली तेव्हा हुबेहूब चांगुणा दिसली.

"माय, मला उशीर झाला."

"आबा, तीच तीन आठवडे लवकर आली. तुम्हाला कुठं उशीर झाला?"

"आताचं न्हाई म्हनत मी." तो दारातच उभा होता. अर्धं जग ओलांडून येऊन शेवटच्या चार पावलांना अडला होता. "तवाबी झाला व्हता. तू मातीत, तुझी माय मातीत, अन मी लातूरला दवाखान्याच्या नळावर गाडी धुवत बसलो व्हतो. मानसं उतरवली की तसाच निघालो असतो तर... गाडी कशाला धुतली मी, माय? तवा काय घाई न्हवती का मला?"

रविकांत खिडकीकडे वळला. बुद्धप्रिया बापाकडे बघत राहिली, जणू त्याला पहिल्यांदाच बघत होती.

"हे तुम्ही एवढे दिवस घेऊन फिरताय?" ती म्हणाली. "आबा, मला त्या दिवशीचं फार आठवत नाही. वाट बघितलेलीपण आठवत नाही. धूळ आठवते. माणसं, गुरं, सगळ्यांना माती लागलेली. अन मग गाडी आली. लाल, ओली, चकचकीत. सगळ्या गावात तेवढी एकच वस्तू स्वच्छ होती. सगळ्या सीट रिकाम्या, अन तुम्ही मला उचलून पुढं, तुमच्या शेजारी बॉनेटवर बसवलंत. मला वाटलं, आबांनी माझ्यासाठी अख्खी गाडी आणली. धुऊन आणली. शाळेत, होस्टेलवर, मी सगळ्यांना हेच सांगायचे. तुम्हाला तेवढं कधी सांगितलं नाही, आईची आठवण येईल म्हणून. अन धुतली नसती तर मी कशात बसले असते, हे मला मोठी झाल्यावर कळलं."

रामकिशननं तोंडावर पंचा धरला. बाईमाणसासारखा रडतोय, असं गल्ली म्हणाली असती. म्हणू दे. तो पोटभर रडला.

मग बुद्धप्रियानं कुशीतलं गाठोडं पुढं केलं. "घ्या ना आबा."

त्यानं हात पुढं केले आणि मागं घेतले. हातांकडे बघितलं. दोन विमानं आणि तीन विमानतळ त्या हातांना लागले होते.

"नळ कुठं हाय, रविकांतराव?" त्यानं विचारलं.

रविकांतनं कोपऱ्यातलं बेसिन दाखवलं. रामकिशननं बाह्या वर केल्या, साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखं धुतली. पोरगी रडायला लागली, तरी त्यानं घाई केली नाही.